वासाचा पत्ता

छोट्या बोटीच्या केबिनमध्ये उतरताना जो वास नाकात शिरतो, त्याच्याशी बहुतेक मालकांनी तडजोड करून टाकलेली असते. बोट म्हटली की एवढं चालायचंच, असं म्हणायचं, कुठेतरी सुगंधी वडी लटकवायची आणि पाहुणे यायच्या आधी झडपा उघडून ठेवायच्या. पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत, पण पुन्हा मुक्कामाला येत नाहीत. हळूहळू घरची माणसंही न येण्याची कारणं सांगू लागतात. चांगल्या चांगल्या बोटी एवढ्या एका गोष्टीपायी वर्षानुवर्षं धक्क्याला बांधलेल्या राहतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हा वास टाळता येतो. नऊ-दहा मीटरच्या बोटीतलं टॉयलेट म्हणजे एक भांडं, एक पंप, दोन-चार व्हॉल्व्ह, काही मीटर नळी आणि मैला साठवणारी एक टाकी. एवढाच सगळा संसार, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक भागापर्यंत हात पोहोचतो. वासाला पत्ता असतो. तो न शोधता औषधांच्या बाटल्या टाकीत ओतत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शोध नाकानेच घ्यायचा, पण नाकाची मर्यादा ओळखून. वासाची सवय फार लवकर होते. अर्धा तास केबिनमध्ये बसलेल्या माणसाला तो येईनासा होतो. म्हणून बोट रात्रभर पूर्ण बंद ठेवावी, सकाळी मोकळ्या हवेत पंधरा-वीस मिनिटं काढावीत आणि मग आत जावं. पहिले दोन-तीन श्वास काय सांगतात तेच खरं. सडक्या अंड्यांचा वास असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड. नाक जर ताजं असेल तर दहा कोटी भाग हवेत या वायूचा एक भागही त्याला पुरतो. उलट प्रमाण दहा हजारांत एकापर्यंत चढलं, तर हाच वायू वास घेण्याची शक्ती बधिर करतो, आणि ते प्रमाण जिवाला धोकादायक असतं. बंद कप्प्यात टाकी फुटली असेल, तुंबलेली टाकी उघडायची असेल, तर वास 'कमी झाला' म्हणून निर्धास्त होऊ नये. आधी सगळी झाकणं उघडून हवा खेळती करावी, दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करावं आणि ठिणगी पडेल असं काही जवळ ठेवू नये, कारण सोबत मिथेनही असतो.

या वायूची एक खूण डोळ्यांनाही दिसते. टॉयलेटजवळच्या पॅनेलमागे पाहावं. तांब्याच्या वायरीचं उघडं टोक, पितळी स्क्रू, चांदीचा मुलामा दिलेले स्विचचे संपर्कबिंदू हे सगळं काळसर पडलेलं असेल, बोटाने घासून जाणार नाही अशा पातळ काळ्या थराखाली गेलेलं असेल, तर तिथे हायड्रोजन सल्फाइडची ये-जा बऱ्याच दिवसांपासून आहे. दुसऱ्या कप्प्यातलं तांबं अजून लालसर आणि इथलं काळं, हा फरक दिसला की शोधाचं क्षेत्र निम्म्याने कमी होतं.

त्यानंतर विचारायचं ते 'केव्हा'. बोट चार-पाच दिवस बंद होती आणि पहिल्या फ्लशलाच भपकारा आला, मग दोन-चार फ्लशनंतर नाहीसा झाला? मग दोष टाकीचा नाही, आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा आहे. प्रत्येक फ्लशला, तेही बहुधा डेकवर किंवा झडपेतून वास येतो? तो व्हेंटचा, म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचा. कुणी फ्लश केलं नाही तरी केबिनमध्ये सतत मंद, चिकट दर्प? नळ्या किंवा गळती. बोट एका बाजूला कलली की येतो? बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी हललं असेल, किंवा टाकीच्या वरच्या अंगाच्या एखाद्या जोडाला मैला लागत असेल.

आत येणाऱ्या पाण्यापासून सुरुवात करू, कारण इथे लोक सर्वांत जास्त चकतात. समुद्राचं पाणी स्वच्छ दिसलं तरी ते जिवंत असतं. त्यात प्लवक असतात, शेवाळाचे तुकडे असतात, आणि लिटरमागे साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. हे पाणी सीकॉकपासून (बोटीच्या अंगातून समुद्राचं पाणी आत-बाहेर करणाऱ्या भोकावरची तोटी) पंपापर्यंतच्या नळीत आणि भांड्याच्या काठाखालच्या पोकळीत अडकून राहतं. आतले जीव मरतात, कुजताना विरघळलेला प्राणवायू संपवतात, आणि मग प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू सल्फेटमधला ऑक्सिजन वापरायला लागतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. म्हणजे त्या बोटीवर कुणी टॉयलेट वापरलं नाही तरी वास येणारच. सीकॉकमध्ये किंवा गाळणीत शेवाळाची गुंतवळ अडकली असेल तर तो दुप्पट होतो. सीकॉक बंद करून नळी एकदा सोडवून पाहायला अवघी दहा मिनिटं लागतात.

उपाय सोपा आहे: बोट सोडून जाताना या नळीत समुद्राचं पाणी ठेवायचं नाही, गोडं पाणी ठेवायचं. त्यासाठी पिण्याच्या पाण्याची लाइन थेट टॉयलेटला जोडण्याचा मोह होतो. ते कधीही करू नये. समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेल्या टॉयलेटमध्ये पंपाची एक बाजू आत येणारं पाणी हाताळते आणि दुसरी मैला; मधलं सील झिजलं की एकातलं दुसऱ्यात जातं, आणि तिथून पिण्याच्या टाकीत जायला वेळ लागत नाही. चांगला मार्ग म्हणजे वॉश बेसिनच्या निचऱ्याच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून ती टॉयलेटच्या आत येणाऱ्या नळीला मिळवणं. टॉयलेटचा समुद्राकडचा सीकॉक बंद करायचा, बेसिनचा सीकॉकही बंद करायचा, बेसिन गोड्या पाण्याने भरायचं आणि टॉयलेटचा पंप चालवायचा. पंप बेसिनमधलं पाणी ओढतो. पाणी हवेतून बेसिनमध्ये पडत असल्यामुळे पिण्याच्या लाइनशी त्याचा संबंध येत नाही. दोन बेसिन भरून पाणी ओढलं की नळी, पंप आणि काठाखालची पोकळी धुऊन निघते. अनेक बोटींवर एवढ्या एकाच बदलाने निम्मी तक्रार मिटते. मुळातच गोड्या पाण्यावर चालणारं टॉयलेट बसवलं तर उत्तमच, फक्त पाण्याचा साठा त्या हिशेबाने हवा.

आता नळ्या. मैला वाहून नेणारी नळी बहुधा ३८ मिलीमीटर आतल्या व्यासाची असते, आणि तीच खरी लपलेली गुन्हेगार. नळी फुटलेली नसते, जोड गळत नसतो, बाहेरून हात लावला तर कोरडी असते, आणि तरीही वास येतो. आत मैला साचून राहिला की त्यातले वायू नळीच्या भिंतीत भिनतात आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत बाहेरच्या बाजूला निघतात. हे तपासायला उपकरण लागत नाही, एक फडकं लागतं. नळी आधी बाहेरून साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करावी. स्वच्छ सुती फडकं हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावं, नळीच्या एका भागावर घट्ट गुंडाळावं आणि गार होऊ द्यावं. मग ते घेऊन बोटीबाहेर, मोकळ्या हवेत जावं आणि तिथे हुंगावं. फडक्याला संडासाचा वास असेल तर नळीचा तो तुकडा संपला. प्रत्येक तुकड्याला वेगळं, न वापरलेलं फडकं घ्यावं. एकच फडकं सगळीकडे फिरवलं तर ते शेवटी सगळ्या नळ्यांना दोषी ठरवतं.

अशा नळीवर टेप गुंडाळणं, रंग देणं, रसायन पाजणं यातलं काहीही टिकत नाही. ती बदलावीच लागते. बदलताना वासरोधक म्हणून खास बनवलेली सॅनिटेशन नळीच घ्यावी. बिल्ज पंपाची तार असलेली पातळ पन्हाळीदार नळी स्वस्त मिळते, पण तिच्या आतल्या खाचांत मैला अडकतो आणि ती लवकर भिनते. जिथे मार्ग सरळ आहे तिथे माझं मत कडक पीव्हीसी पाइपच्या बाजूने आहे. त्यातून वास झिरपत नाही. फक्त दोन्ही टोकांना हातभर लवचीक नळी ठेवावी, म्हणजे बोटीचा कंप जोडांवर येत नाही. सॅनिटेशन नळी जाड आणि हट्टी असते. तिचं टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून, नोझलला भांडी घासायच्या साबणाचा हात लावून ती चढवावी. ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावू नये. प्रत्येक टोकाला स्टेनलेस स्टीलचे दोन क्लँप बसवावेत, त्यांचे स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना ठेवावेत आणि दोन्ही क्लँपखाली नोझल आहे याची खात्री करावी, नाहीतर दुसरा क्लँप नळीच चिरतो.

पण नवी नळीही मैला साचू दिला तर बिघडतेच. म्हणून नळीचा मार्ग आणि फ्लश करण्याची सवय हे दोन्ही सुधारावं लागतं. मधेच खाली झुकलेला, झोळी झालेला भाग ही सर्वांत वाईट जागा. तिथे आधार देऊन नळी सतत एका दिशेला उतरती करावी. आणि फ्लशचं पाणी मोजावं. ३८ मिलीमीटरच्या नळीत मीटरमागे सुमारे १.१ लिटर मावतं. भांड्यापासून टाकीपर्यंत ३ मीटर नळी असेल तर साधारण साडेतीन लिटर पाणी ढकलल्याशिवाय भांड्यातला मैला टाकीत पोहोचत नाही, वाटेतच थांबतो. हँडपंपाचा एक स्ट्रोक किती पाणी ढकलतो हेही सहज कळतं: भांड्यात मोजून १ लिटर पाणी ओतावं, पंपाचा खटका कोरड्या बाजूला, म्हणजे समुद्राचं पाणी आत येणार नाही असा ठेवावा आणि भांडं रिकामं व्हायला किती स्ट्रोक लागतात ते पाहावं. समजा चार लागले, तर साडेतीन लिटरला चौदा. हा आकडा टॉयलेटच्या दारामागे ठळक लिहून लावावा. चार-पाच स्ट्रोकमध्ये भांडं स्वच्छ दिसतं म्हणून सगळे तिथेच थांबतात, आणि नळीचा नाश तिथेच सुरू होतो. टाकी लवकर भरते ही तक्रार खरी आहे. त्यावर तोड म्हणजे नळी छोटी करणं; पाणी वाचवणं ही तोड नव्हे.

जॉकर व्हॉल्व्हबद्दल थोडक्यात. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी रबराचा हा व्हॉल्व्ह असतो, त्याला पुढे चीर असते, आणि मैला पुढे जाऊ देणं पण मागे न येऊ देणं हे त्याचं काम. रबर ताठर झालं, चिरेत कागद अडकला किंवा क्षार बसले की ती मिटत नाही. भांडं कोरडं करून ठेवलं आणि अर्ध्या-एक तासाने तळाशी मळकट पाणी दिसलं, तर व्हॉल्व्ह गेला. वर्षातून एकदा तो न विचारता बदलावा आणि एक बोटीवर सुटा ठेवावा. चार स्क्रूंचं काम आहे. खोलण्याआधी नळी गोड्या पाण्याने भरपूर धुवावी आणि सीकॉक बंद करावा. भांडं घासायला ब्लीच किंवा तीव्र जंतुनाशक वापरू नये, रबर त्यानेच मरतं. पंपाच्या पिस्टनला आणि ओ-रिंगला (रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावावं. पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून दर स्ट्रोकला एखादा थेंब बाहेर येत असेल तर तोही वासाचा पत्ताच आहे. टिश्यू पेपर त्या दांड्याला टेकवून पाहावा. टॉयलेटच्या बुडाशी तो थेंब प्लायवूडमध्ये मुरत गेला असेल, तर टॉयलेट उचलून लाकूड पूर्ण वाळवून, इपॉक्सीने बंद केल्याखेरीज सुटका नाही.

क्षारांची गोष्ट वेगळी. लघवी आणि समुद्राचं पाणी नळीत एकत्र राहिलं की युरियाचं विघटन होऊन मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार नळीच्या भिंतीवर जमतात. करड्या-पांढऱ्या रंगाचा, खडबडीत, दगडासारखा थर. त्यावर मैला चिकटतो, जॉकर व्हॉल्व्ह अडतो आणि ३८ मिलीमीटरची नळी बघता बघता अर्ध्यावर येते. पंप जड जायला लागला की आधी याचा संशय घ्यावा. थर बसू नये म्हणून आठवड्याला एकदा अर्धा ते एक लिटर पांढरं व्हिनेगर भांड्यात ओतून ते संथपणे पुढे न्यावं, दर तीन-चार मिनिटांनी एक स्ट्रोक, म्हणजे नळीच्या प्रत्येक भागाला ते लागतं. मग गोड्या पाण्याने धुऊन टाकावं. आधीच जाड झालेल्या थराला व्हिनेगर पुरत नाही. तिथे टॉयलेटसाठीचं आम्लयुक्त क्षारनाशक, डबीवरच्या सूचनेप्रमाणे, हातमोजे आणि चष्मा घालून, झडपा उघड्या ठेवून वापरावं. लवचीक नळी असेल तर ती काढून धक्क्यावर दणादण आपटली तरी थर खपल्यांनी सुटतो. इथे एक इशारा द्यायलाच हवा: व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि टॉयलेटच्या कोंडवाड्यात तो जीवघेणा ठरू शकतो. मुरलेल्या लघवीत अमोनिया असतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारी वायू निघतो. ब्लीच बोटीच्या टॉयलेटमध्ये नकोच.

सगळ्यात जास्त गैरसमज टाकीबद्दल आहेत. लोकांना वाटतं, टाकीत मैला आहे म्हणजे वास असणारच, तेव्हा तिला जितकी बंद ठेवू तितकं बरं. खरं नेमकं उलटं आहे. टाकीत दोन प्रकारचे जीवाणू काम करतात. हवेवर जगणारे मैल्याचं विघटन करतात तेव्हा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. हवा संपली की दुसरे पुढे येतात, आणि हायड्रोजन सल्फाइड, दुर्गंधी आम्लं, मिथेन ही सगळी त्यांची निर्मिती. दोघेही टाकीत कायम असतातच. कोण वरचढ होणार हे हवेवर ठरतं. टाकीला श्वास घेऊ दिला तर ती दुर्गंधी देत नाही. या एका वाक्यावर माझा पूर्ण भरवसा आहे, आणि बोटीवरच्या टाकीच्या रचनेत बहुतेक वेळा नेमकं याच गोष्टीकडे दुर्लक्ष झालेलं असतं.

कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच बोटींवर व्हेंटची नळी १६ मिलीमीटरची असते. ती टाकीवरून निघते, कपाटामागून वळणं घेत दोन-तीन मीटर जाते, कुठेतरी खाली झुकते आणि बोटीच्या कडेला जाळी असलेल्या छोट्या तोंडातून बाहेर पडते. अशा नळीतून टाकीतली हवा बाहेर ढकलली जाते एवढंच. ताजी हवा आत शिरत नाही. २५ मिलीमीटरच्या नळीचं तोंड याच्या जवळजवळ अडीचपट मोठं, ३८ मिलीमीटरचं साडेपाचपट. लांबी शक्यतो मीटरभराच्या आत असावी, नळी टाकीपासून वर चढतच जावी, काटकोनी वळण नसावं. आणि जागा असेल तर दोन व्हेंट काढावेत, एक डाव्या कडेला आणि एक उजव्या, म्हणजे वारा कुठूनही आला तरी टाकीवरून हवा आरपार वाहते. टाकीला नवं भोक पाडून जास्तीचं फिटिंग बसवणं हे दिवसभराचं काम आहे, टाकी रिकामी करून धुतल्यावरच करायचं. पण त्याच्या तोडीचा दुसरा उपाय मला माहीत नाही. जिथे असं काही करायला जागाच नसते, तिथे छोट्या १२ व्होल्टच्या हवेच्या पंपाने टाकीच्या तळाशी सतत बुडबुडे सोडता येतात. त्यानेही हवेवर जगणारे जीवाणू टिकून राहतात, मात्र आत ढकललेली हवा बाहेर पडायला व्हेंट मोकळा हवाच.

व्हेंट तुंबणं हे नेहमीचं दुखणं आहे. गांधीलमाशी किंवा कोळी तोंडाशी घर करतो, खारं पाणी वाळून मिठाची पुटं बसतात, आणि टाकी काठोकाठ भरून बोट कलली की मैला थेट व्हेंटमध्ये चढतो आणि तिथे वाळतो. लक्षणं ठळक असतात: पंप चालवताना हाताला दाब जाणवतो, भांड्यात बुडबुडे येतात, फ्लशनंतर पाणी मागे उसळतं, डेकवरचं पंप-आउटचं झाकण (जिथून मशीनने टाकीतला मैला ओढून घेतात) उघडताना फुस्स आवाज येतो. तो आवाज आला तर चेहरा बाजूला ठेवून झाकण सावकाश, थोडं थोडं फिरवावं. अशा टाकीवर पंप-आउट मशीन लावलं तर आत निर्वात होऊन टाकी चेपते, तिचे जोड फाटतात. उपाय प्रतिबंधाचाच: बोट धुताना दर वेळी गोड्या पाण्याची नळी व्हेंटच्या तोंडाला बाहेरून धरून आत पाणी सोडावं. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला की व्हेंट मोकळा आहे. मात्र टाकी आधीच भरलेली असताना हे करू नये. आणि टाकी तीन-चतुर्थांशच्या वर भरू न देण्याची शिस्त पाळली तर व्हेंट सहसा तुंबतच नाही.

व्हेंटला कोळशाचं फिल्टर बसवायचं की नाही, यावर दोन मतं आहेत. माझं मत, आधी व्हेंट रुंद करा, मग पाहा गरज उरते का. फिल्टर हवेला अडवतं, आणि एकदा ओलं झालं की कोळसा निकामी होतो आणि तेच तुंबायला कारण होतं. बसवायचंच असेल, व्हेंट कॉकपिटजवळ उघडत असल्यामुळे इलाजच नसेल, तर ते टाकीच्या माथ्यापेक्षा बरंच उंच, व्हेंटच्याच व्यासाचं आणि सहज काढता येईल अशा जागी असावं. वर्षाकाठी बदलावं.

टाकीत घालायच्या औषधांविषयी बरंच बोललं जातं. फॉर्मॅल्डिहाइड असलेली रसायनं सगळेच जीवाणू मारतात. वास काही दिवस दबतो, पण मैला न कुजता तसाच राहतो, आणि पंप-आउट केलेला माल ज्या शुद्धीकरण केंद्रात जातो तिथल्या जीवाणूंनाही ते मारतं. ती टाळावीत. जिवंत जीवाणूंची किंवा एन्झाइमची मिश्रणं हवेशीर टाकीत चांगलं काम करतात. नायट्रेट असलेली मिश्रणं वेगळ्या तऱ्हेने उपयोगी पडतात: हवा कमी असली तर जीवाणू सल्फेटच्या आधी नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात, त्यामुळे हायड्रोजन सल्फाइड बनत नाही. एक पद्धत निवडून तिच्यावर टिकून राहावं. आज जीवाणू घालायचे आणि उद्या जंतुनाशक, यात पैसाही जातो आणि वासही राहतो. पाणी मात्र सगळ्यांना लागतं. फार कमी पाण्यात फ्लश केलं तर नळीच्या तोंडाखाली टाकीत घट्ट ढीग साचतो आणि त्याच्या आत हवा पोहोचत नाही.

पंप-आउट एकदा करून थांबू नये. टाकी रिकामी झाली की डेकवरच्या तोंडातून पंधरा-वीस लिटर पाणी ओतावं, बोट थोडी हलवावी आणि पुन्हा ओढून घ्यावं. मशीनच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. डेकपासून टाकीपर्यंतची नळीही केबिनमधूनच जाते आणि तीही भिनते, हे या पाण्याचं दुसरं कारण. झाकणाची ओ-रिंग चपटी किंवा चिरलेली असेल तर बदलावी. टाकीच्या प्रत्येक जोडावर कोरड्या टिश्यूचा वेढा देऊन रात्रभर ठेवावा. सकाळी ओला दिसेल तिथे गळती. वरच्या जोडांतून फक्त वायू सुटत असतो, तिथे टिश्यू कोरडाच राहतो. साबणाचं पाणी लावून दुसऱ्याने पंप चालवावा आणि फुगे पाहावेत. प्लास्टिकच्या टाकीची भिंत सुमारे ९ ते १० मिलीमीटर जाड असावी. धातूच्या टाकीत लघवी वेल्डिंगचे सांधे खाते, तेव्हा जुन्या स्टेनलेस टाकीचे सांधे आरशाने खालून पाहावेत.

टॉयलेट जलरेषेच्या खाली असेल तर समुद्राचं पाणी नळीतून आपोआप आत ओढलं जाऊन (सायफनने) बोट भरू नये म्हणून नळीला उंच वळण आणि त्याच्या माथ्यावर हवेचा छोटा व्हॉल्व्ह असतो. बोट पूर्ण कललेली असतानाही तो जलरेषेपासून १५ ते २० सेंटिमीटर वर हवा. मैल्याच्या नळीवरचा हा छोटा व्हॉल्व्ह मिठाने उघडा राहिला तर प्रत्येक स्ट्रोकला टॉयलेटच्या कपाटात वायूची फुंकर मारतो, आणि शोधणारा मात्र खाली टाकीपाशी वाकलेला असतो. तो काढून गरम पाण्यात धुवावा. तरी वास राहिला तर त्याच्या माथ्यावरून बारीक नळी बाहेर काढावी. आत येणाऱ्या पाण्याच्या बाजूला हे वळण पंप आणि भांडं यांच्या मध्ये असतं. सीकॉक आणि पंपाच्या मध्ये ठेवलं तर पंप हवा ओढतो आणि पाणी चढत नाही.

एवढं सगळं करूनही वास उरला, तर तो टॉयलेटचा नसण्याची शक्यता मोठी. शॉवरच्या पाण्याचा छोटा डबा झाकण काढून पाहावा: केस, साबणाची साय, त्वचेचे कण, आणि तोच अंड्यांचा वास. आइस बॉक्सचा निचरा बिल्जमध्ये सोडलेला असेल तर तिथे दूध आणि माशांचं पाणी कुजतं. बिल्जच्या कप्प्याकप्प्यांतून पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोकं कचऱ्याने बुजतात आणि एखाद्याच कप्प्यात डबकं राहतं. साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासावं, गोड्या पाण्याने धुवावं, शेवटचं पाणी स्पंजने टिपावं. आणि मूळ दोष काढल्यावर गाद्यांची खोळं, पडदे, छताचं अस्तर धुऊन किंवा उन्हात टाकून मगच निकाल पाहावा. कापडात मुरलेला जुना वास आठवडाभर येत राहतो आणि माणूस नव्या नळीला उगाच दोष देतो.

लघवी आणि मैला वेगळे ठेवणारी कोरडी टॉयलेटं छोट्या बोटीवर खरोखर चांगली चालतात. दोन्ही एकत्र आले की मैल्यातले जीवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात; वेगळे राहिले की मैला नारळाच्या भुश्श्यात मातीसारखा वाळतो. छोटा पंखा सतत चालू हवा आणि लघवीची बाटली रोजच्या रोज रिकामी व्हायला हवी. सुट्या पोर्टेबल टॉयलेटमध्ये वास आला तर सरकत्या झाकणाचं सील पाहावं, ते पुसून त्याला सिलिकॉन लावावं. बहुतेकदा तेवढंच असतं.

बोट काही आठवडे बंद ठेवून जायची असेल तर क्रम असा ठेवावा. टाकी रिकामी, दोनदा धुतलेली, तळाशी दोन-तीन बोटं गोडं पाणी. बेसिनमधून गोडं पाणी ओढून आत येणारी नळी आणि पंप धुतलेला, मग व्हिनेगरचा एक फेरा, मग पुन्हा गोडं पाणी, नळीच्या लांबीच्या हिशेबाने दुप्पट स्ट्रोक. भांडं कोरडं, झाकण उघडं, टॉयलेटचं दार आणि बिल्जची दोन फळकुटं उघडी. सगळे सीकॉक बंद. व्हेंटच्या तोंडातून बाहेरून एकदा पाणी सोडून पाहिलेलं. थंडीत पाणी गोठणारी जागा असेल तर शेवटचं पाणी काढून त्याजागी बिनविषारी प्रोपिलीन ग्लायकॉल, भांड्यातून रंगीत द्रव टाकीपर्यंत पोहोचेस्तोवर. वाहनात घालायचं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे चालत नाही.